चूक कोणाची, त्रुटी कशाची?

संख्याशास्त्राच्या आकडेमोडीसाठी ‘आर’ नावाचे एक सॉफ्टवेअर आज जगभरच्या विद्यापीठांतून वापरले जाते. ते मोफत मिळते, त्यामुळे आपल्याकडच्या महाविद्यालयांतही त्याचा चांगला शिरकाव झाला आहे. हे सॉफ्टवेअर शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याला ‘एरर’ हा इंग्रजी शब्द पहिल्या तासाभरातच दोन ठिकाणी भेटतो. आज्ञा टंकताना एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले, की पडद्यावर ‘एरर’ अशी दरडावणारी ओळ उमटते. पुढे सगळे सुरळीत टंकून उत्तर मिळाले, की उत्तराच्या तक्त्यात एका रकान्याच्या डोक्यावर पुन्हा ‘स्टँडर्ड एरर’ असे लिहिलेले असते. पहिल्या ठिकाणी विद्यार्थ्याची चूक आहे. दुसऱ्या ठिकाणी कोणाचीच चूक नाही. शंभर मुलांची उंची मोजून सरासरी काढली आणि उद्या दुसरी शंभर मुले घेऊन पुन्हा काढली, तर ती थोडी वेगळी येणार. हा फरक साधारण केवढा असेल, एवढेच तो रकाना सांगतो.

इंग्रजीने या दोन्ही गोष्टींना एकच शब्द दिला. जर्मनांनीही ‘फेलर’ या एका शब्दावर दोन्ही कामे भागवली आहेत. जपान्यांनी मात्र फारकत केली: मोजमापातल्या एररला ते ‘गोसा’ म्हणतात आणि संगणकाच्या एररला इंग्रजीवरून उचललेला शब्द वापरतात. चिनी भाषेतही दोन निराळे शब्द आहेत. मराठीत आपण काय करायचे? संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर मराठीत आणायला बसणाऱ्यापुढचा हा पहिलाच प्रश्न. इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडून तो सुटत नाही, कारण शब्दकोश ‘चूक, त्रुटी, दोष, प्रमाद’ अशी ओळ समोर ठेवतो आणि स्वस्थ बसतो. तो शब्द मुळात कोणी, कशासाठी वापरला हे पाहावे लागते.

‘एरर’चा इतिहास खगोलशास्त्रज्ञांच्या दुर्बिणीपाशी सुरू होतो. इंग्लंडमध्ये ग्रिनिचच्या वेधशाळेत एखादा तारा दुर्बिणीतल्या तारेला ओलांडतो तो क्षण टिपण्याचे काम चाले. निरीक्षकाने एकीकडे घड्याळाचे ठोके ऐकायचे, दुसरीकडे ताऱ्याकडे पाहायचे आणि सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने ठरवायचा. नेव्हिल मॅस्केलिन हे तिथले राजज्योतिषी. १७९५ साली त्यांच्या लक्षात आले, की आपला साहाय्यक डेव्हिड किनेब्रुक याने टिपलेल्या वेळा आपल्यापेक्षा उशिराच्या येतात. त्यांनी त्याला समज दिली. फरक कमी होण्याऐवजी सेकंदाच्या आठ दशांशांपर्यंत वाढला. १७९६ च्या सुरुवातीला मॅस्केलिन यांनी किनेब्रुकला कामावरून कमी केले आणि तशी नोंद वेधशाळेच्या छापील अहवालात करून ठेवली.

पुढे वीसेक वर्षांनी कोनिग्सबर्गचा खगोलशास्त्रज्ञ बेसेल याच्या वाचनात ही हकीकत आली. त्याला शंका आली, की हा माणूस खरोखर कामचुकार होता का? १८२० पासून त्याने स्वतःच्या आणि इतर नामवंत निरीक्षकांच्या वेळा ताडून पाहिल्या. तिथेही फरक निघाला आणि काही वेळा तर एक सेकंदाहून जास्त. म्हणजे प्रत्येक माणसाचे डोळे, कान आणि मेंदू आपापल्या गतीने चालतात, आणि दोन सचोटीच्या निरीक्षकांतही असा कायमचा फरक राहतो. शिवाय एकाच निरीक्षकाने दहा वेळा मोजले तरी दहा उत्तरे किंचित वेगवेगळी येतात, ती गोष्ट आणखी निराळी. या दुसऱ्या प्रकारच्या चढउताराचे गणित गाऊसने १८०९ साली मांडले होते. मॅस्केलिनने ज्याला चूक मानले ती त्या अर्थाने चूक नव्हती. किनेब्रुकची नोकरी मात्र गेली ती गेलीच.

शब्द तोच राहिला. पुढे रोनाल्ड फिशर १९१९ साली रॉदमस्टेड या इंग्लंडमधल्या शेती संशोधन केंद्रात आले आणि ‘एरर’ दुर्बिणीतून उतरून शेतात गेला. एकाच जातीचे गहू, तेच खत, तेवढेच पाणी, तरी शेजारच्या दोन वाफ्यांचे उत्पन्न सारखे येत नाही. या फरकालाही फिशर ‘एरर’च म्हणत. इथे तर कोणी मोजण्यातही चुकलेले नसते. जमीनच सारखी नसते.

म्हणून आमचे मत असे, की मराठीत संगणक दाखवतो ती ‘चूक’ आणि मोजमापातली ती ‘त्रुटी’, ही वाटणी कसोशीने पाळावी. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत आपण ‘मापनातील त्रुटी’ म्हणतोच. आणखी एक गंमत आहे. आपल्या जुन्या सिद्धान्तग्रंथांत ‘त्रुटि’ हे कालाच्या एका अतिसूक्ष्म भागाचे नाव आहे. सेकंदाच्या आठ दशांशांवरून नोकरी गेलेल्या किनेब्रुकची कथा ज्याला ठाऊक आहे, त्याला हा शब्द इथे अगदी चपखल वाटेल.

आता खुद्द ‘आर’कडे वळू. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७६ साली जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेमोडीसाठी ‘एस’ नावाची संगणकभाषा तयार करायला घेतली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्याच वळणावर नवी भाषा रचली. दोघांच्याही नावाचे आद्याक्षर एक, शिवाय ‘एस’च्या अलीकडचे अक्षर, म्हणून तिचे नाव ‘आर’. १९९५ साली ती सर्वांना मोफत आणि मुक्त करण्यात आली आणि तिची पहिली पक्की आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० या दिवशी निघाली. २००५ च्या एप्रिलमध्ये आलेल्या आवृत्तीपासून तिचे संदेश इतर भाषांत दाखवण्याची सोय झाली. त्यानंतर जपानी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, रशियन, कोरियन, चिनी अशा भाषांत स्वयंसेवकांनी भाषांतरे केली.

ही सोय कशी चालते ते शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे. सॉफ्टवेअरमधली सगळी इंग्रजी वाक्ये एका लांबलचक यादीत काढली जातात. भाषांतरकाराने प्रत्येकाखाली आपल्या भाषेतले वाक्य लिहायचे. यादीत वाक्याच्या मागचापुढचा संदर्भ नसतो. ते कोणत्या प्रसंगी पडद्यावर येते हे कळत नाही. वाक्यात मध्येच रिकाम्या जागा असतात आणि त्या संगणक आयत्या वेळी भरतो. ‘अमुक सापडला नाही’ म्हणावे, की सापडली, की सापडले? अमुक कोण, हेच माहीत नसते. इंग्रजीला लिंगाची आणि विभक्तीची ही अडचण नाही, त्यामुळे मूळ लिहिणाऱ्याला ती सुचतही नाही. आज्ञांची नावे मात्र बदलत नाहीत. ती सगळ्या जगात इंग्रजीच. एक्सेलने उलटा मार्ग धरला. जर्मन एक्सेलमध्ये सरासरीच्या सूत्राचे नावसुद्धा जर्मन आहे. ‘आर’मध्ये तसे नाही, आणि उत्तरांच्या तक्त्यांवरचे मथळेही बव्हंशी इंग्रजीच राहतात. पण तो तक्ता वर्गात समजावून सांगताना शिक्षकाला मराठी शब्द लागतोच.

अशा यादीत ‘मोड’ हा शब्द येतो. दहावीच्या पुस्तकातून गेलेला कोणीही सांगेल, की मोड म्हणजे बहुलक: सर्वांत जास्त वेळा येणारी संख्या. कार्ल पिअर्सन यांनी १८९५ साली हा शब्द त्या अर्थाने रूढ केला. आता यादीतले वाक्य पाहा: ‘अमुक मोडची तमुक वस्तू सापडली नाही’. इथे बहुलकाचा काही संबंध नाही. ‘आर’मध्ये मोड म्हणजे माहिती कोणत्या स्वरूपात साठवली आहे तो प्रकार, म्हणजे अंक आहेत की अक्षरे की आणखी काही. एखाद्या शिक्षकाने मुलांचे गुण भरून ‘मोड’ ही आज्ञा दिली, तर बहुलक मिळायच्या ऐवजी ‘अंकीय’ अशा अर्थाचे उत्तर येते. संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये संख्याशास्त्राचाच शब्द निराळ्या अर्थाने यावा, याला काय म्हणावे! इथे भाषांतरात ‘प्रकार’ लिहावे, बहुलकाला हात लावू नये.

‘आर्ग्युमेंट’चे तसेच. संदेशांच्या यादीत हा शब्द पानोपानी आहे. यांत्रिक भाषांतर त्याचे ‘युक्तिवाद’ करते आणि मग ‘अवैध युक्तिवाद’ असा न्यायालयात शोभणारा संदेश तयार होतो. मध्ययुगीन खगोलशास्त्रात कोष्टकातून एखादी किंमत काढण्यासाठी जी राशी हातात असावी लागे तिला आर्ग्युमेंट म्हणत. तिथून हा शब्द गणितात आणि गणितातून संगणकात आला. ज्यांनी लॉगची कोष्टके वापरली आहेत त्यांना हे लगेच कळेल: डाव्या समासातला आकडा घेऊन आपण आत शिरतो, तो आकडा म्हणजे आर्ग्युमेंट. ‘आदान’ म्हणा, नाहीतर ‘दिलेली किंमत’ म्हणा. वाद मात्र नको.

‘व्हेक्टर’ला आपल्याकडे ‘सदिश’ हा सुंदर शब्द आहे. बल, वेग यांना दिशा असते म्हणून त्या सदिश राशी. ‘आर’मध्ये व्हेक्टर म्हणजे एकाच प्रकारच्या गोष्टींची ओळ. तुमच्या तालुक्यातल्या गावांची नावे ओळीने लिहिली, की झाला व्हेक्टर. त्या ओळीला कसली आली आहे दिशा? इथे ‘माळ’ किंवा सरळ ‘व्हेक्टर’ चालेल. सदिश चालणार नाही. ‘सिंग्युलर’ म्हटले की शब्दकोश ‘एकवचनी’ म्हणतो. सारणीचे व्यस्त रूप निघत नाही असे सांगणारा संदेश ‘तुमची सारणी एकवचनी आहे’ असा छापला गेला, तर वाचणाऱ्याने काय बोध घ्यावा?

शिक्षकांच्या रोजच्या कामात येईल असा एक संदेश मुद्दाम सांगतो. गुणांच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी आकडे आहेत, पण दोनतीन जागी ‘गैरहजर’ असे लिहिले आहे. हा रकाना अंकांत बदलायला सांगितला, की ‘आर’ इशारा देते. त्यात ‘कोअर्शन’ हा शब्द असतो. शब्दशः अर्थ बळजबरी. प्रत्यक्षात सांगायचे असते ते इतकेच, की ‘गैरहजर’चा अंक करता आला नाही, म्हणून त्या जागी ‘एनए’, म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’, अशी खूण ठेवली आहे. हा इशारा नीट कळला नाही, तर पुढची गफलत मोठी असते. एखादा माणूस त्या खुणेच्या जागी शून्य भरून टाकतो आणि वर्गाची सरासरी खाली येते. दहा मुलांपैकी आठांना प्रत्येकी ५० गुण आणि दोघे गैरहजर असतील, तर सरासरी ५०. शून्य भरले तर ४०. शून्य मिळणे आणि परीक्षेला नसणे यांतला फरक हजेरीपटाला कळतो, तो भाषांतरातही कळला पाहिजे.

‘रिग्रेशन’ला मात्र जरा जास्त वेळ दिला पाहिजे, कारण इथे नाव एकीकडे आणि काम दुसरीकडे असा प्रकार आहे. फ्रान्सिस गाल्टन यांना आनुवंशिकतेचे नियम शोधायचे होते. त्यांनी गोड वाटाण्याच्या बिया आकारानुसार सात गटांत लावून मित्रांकडे पेरायला पाठवल्या. मोठ्या बियांच्या पोटी आलेल्या बिया सरासरीपेक्षा मोठ्याच होत्या, पण आईइतक्या नव्हेत. १८७७ साली याला त्यांनी ‘रिव्हर्शन’, म्हणजे मूळ पदावर येणे, म्हटले. नंतर त्यांनी माणसांच्या उंचीची माहिती जमवली. २०५ आईबाप आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुले. स्त्रियांची उंची पुरुषांच्या मापात आणण्यासाठी तिला १.०८ ने गुणले. उत्तर असे आले, की आईबापांची मधली उंची सरासरीपेक्षा ३ इंच जास्त असेल, तर त्यांच्या मुलांची सरासरीने २ इंचच जास्त असते. १८८६ सालच्या निबंधात या मागे सरण्याला त्यांनी ‘रिग्रेशन’ असे नाव दिले.

गाल्टन यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती, ती आजही पुष्कळांच्या येत नाही. उंच मुलांपासून सुरुवात करून त्यांच्या आईबापांकडे पाहिले, तरी तोच प्रकार दिसतो: आईबाप मुलांइतके उंच निघत नाहीत. म्हणजे काळाच्या ओघात मानवजात ठेंगणी होत चालली आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. दोन राशींचा संबंध तंतोतंत नसला की हे घडतेच. चाचणीत सर्वांत जास्त गुण मिळवणारी मुले पुढच्या चाचणीत सरासरीने थोडी मागे येतात, यात त्यांचा आळस किंवा आपली शिकवणी यांचा हात असेलच असे नाही.

१८९७ साली यूल यांनी रिग्रेशनची रेषा वेगळ्याच वाटेने काढून दाखवली. लझान्द्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी जी रीत छापली होती ती त्यांनी घेतली: रेषेपासूनच्या अंतरांचे वर्ग करून त्यांची बेरीज कमीत कमी ठेवायची. मग उंची नको, वाटाणे नकोत, आनुवंशिकताही नको. पावसावरून पीक, खतावरून उत्पन्न, काहीही चालते. मागे सरण्याशी त्या रीतीचा संबंध उरला नाही, नाव तेवढे चिकटून राहिले.

आता भाषांतर कशाचे करायचे, नावाचे की कामाचे? चिनी आणि जपानी भाषांनी ‘परत येणे’ असा शब्द घेतला, म्हणजे नावाचे भाषांतर केले. आपल्याकडे ‘प्रतिगमन’ हा त्याच जातीचा. ‘समाश्रयण’ हा दुसरा शब्द हिंदीत घडला आणि मराठी लेखनातही दिसतो. त्यात आश्रय आहे. एक राशी दुसरीच्या आश्रयाने कशी बदलते, हे तो सांगतो. उच्चाराला जड आहे हे खरे, पण ज्याने तो केला त्याला ही रीत काय करते हे समजले होते. आम्ही समाश्रयणाच्या बाजूचे. गाल्टन यांची गोष्ट सांगताना ‘प्रतिगमन’ आणि यूल यांच्यापुढे ‘समाश्रयण’, असेही करता येईल. गोंधळ न होता इतिहासही राखला जाईल.

‘सिग्निफिकन्स’चा प्रश्न शिक्षकांच्या अधिक ओळखीचा आहे. एम.एड.चा लघुप्रबंध ज्यांनी लिहिला त्यांनी ‘०.०५ सार्थकता स्तर’ हे शब्द लिहिले असणारच. १८८५ साली एजवर्थ यांनी हा शब्द या अर्थाने वापरला तेव्हा त्यांचा प्रश्न साधा होता: दोन सरासऱ्यांतला हा फरक कशाची तरी खूण आहे, की नुसता योगायोग? पुढे इंग्रजीत त्या शब्दाचा रोजचा अर्थ ‘महत्त्वाचा’ असा ठसला आणि जगभर घोटाळा सुरू झाला. हजारो मुलांवर प्रयोग केला, तर अर्ध्या गुणाचा फरकही सिग्निफिकंट ठरू शकतो. म्हणून तो महत्त्वाचा होत नाही. अर्ध्या गुणासाठी कोणी शिकवण्याची पद्धत बदलणार आहे का? तेव्हा ‘महत्त्वपूर्ण’ हे भाषांतर बाद. ‘लक्षणीय’ हा शब्द व्युत्पत्तीने एजवर्थच्या अगदी जवळ जातो, कारण लक्षण म्हणजेच खूण. पण आजच्या मराठीत ‘लक्षणीय वाढ’ म्हणजे भरपूर वाढ, तिथे तो दगा देतो. ‘सार्थ’ म्हणजे ज्याला काही अर्थ आहे असा. जपान्यांचा शब्दही नेमका हाच अर्थ सांगतो. लघुप्रबंधवाल्यांनी उचललेला शब्द चांगला आहे.

‘नॉर्मल’बद्दल थोडक्यात. १८७० च्या दशकात पिअर्स, लेक्सिस आणि गाल्टन या तिघांनी एकमेकांना न विचारता घंटेच्या आकाराच्या वक्राला हे विशेषण लावले. कार्ल पिअर्सन यांनी ते रूढ केले आणि १९२० साली त्यांनीच लिहून ठेवले, की या नावामुळे बाकीचे सगळे वक्र जणू विकृत आहेत असा लोकांचा समज होतो. मराठीत आणखी एक अडचण येते. नॉर्मलला ‘सामान्य’ म्हटले, तर ‘जनरल’ला काय म्हणणार? दोन्ही शब्द एकाच वाक्यात यायला वेळ लागत नाही. परिभाषेतल्या ‘प्रसामान्य’मधला ‘प्र’ म्हणून बिनकामाचा नाही.

आतापर्यंत इंग्रजी शब्दांना नावे ठेवली. आपल्या शब्दांचीही झडती घेतली पाहिजे. ‘वर्ग’ घ्या. मुले बसतात तो वर्ग, वारंवारता सारणीतला ० ते १० हा वर्ग, आणि ५ चा वर्ग २५. लझान्द्रच्या रीतीला ‘न्यूनतम वर्ग पद्धत’ म्हणतात. सारणी नुकती शिकलेला मुलगा त्यावरून ‘कमीत कमी वर्ग पाडण्याची पद्धत’ असे समजला, तर त्याला दोष देता येणार नाही. ‘वर्गांची न्यूनतम बेरीज’ असे लिहिले की निम्मे काम होते. ‘प्रमाण’ तर याहून अवघड. गुणोत्तर आणि प्रमाण यातले प्रमाण वेगळे, आणि प्रमाण विचलनातले प्रमाण, म्हणजे ठरवून घेतलेले माप, ते वेगळे. नमुन्यात मुलींचे प्रमाण काढले आणि त्याचा स्टँडर्ड एरर मराठीत लिहिला, की होते ‘प्रमाणाची प्रमाण त्रुटी’. यात कोणाचीही अक्षराची चूक नाही आणि तरी वाक्य कळत नाही. इथे आम्ही ‘हिश्शाची प्रमाण त्रुटी’ लिहू. मध्य आणि मध्यक यांच्यात तर एका अक्षराचेच अंतर आहे. पडद्यावरच्या बारीक टंकात ते सहज नजरेतून निसटते.

हे शब्द एका दिवसात घडलेले नाहीत. १९३३ साली महालनोबीस यांनी कलकत्त्याहून संख्याशास्त्राचे नियतकालिक सुरू केले आणि त्याला ‘संख्या’ हे नाव देताना, या शब्दात मोजणीबरोबर यथार्थ ज्ञानाचाही अर्थ आहे, असे आवर्जून सांगितले. दाते-कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश १९४८ चा. १९६० साली महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय आणि १९६१ साली केंद्राचा शब्दावली आयोग स्थापन झाला. या मंडळींनी शब्द दिले ते पुस्तकांसाठी. पुस्तकात शब्दाभोवती प्रकरण असते, उदाहरण असते, समजावून सांगणारा शिक्षक असतो. पडद्यावर एक ओळ असते आणि तिच्यापुढे एकटा विद्यार्थी. मराठी माध्यमाचा मुलगा दहावीपर्यंत मध्य, मध्यक, बहुलक, वारंवारता शिकतो. अकरावीला विज्ञान घेतले, की हे शब्द एका सुट्टीत परके होतात. त्याला पडद्यावर ते पुन्हा भेटावेत असे वाटत असेल, तर निदान दहावीच्या पुस्तकातला शब्द जसाच्या तसा ठेवावा. अधिक शुद्ध असा नवा शब्द बनवण्याचा मोह आवरावा.

शेवटी एक न सुटलेले प्रकरण. समाश्रयणाची रेषा काढल्यावर ‘आर’ आपल्या उत्तराच्या तळाशी ‘रेसिड्युअल स्टँडर्ड एरर’ म्हणून एक आकडा देते. रेसिड्युअल म्हणजे प्रत्यक्ष किमतीतून रेषेवरची किंमत वजा करून जे उरते ते. वजाबाकीतली आपली ‘बाकी’च. या बाक्यांचे वर्ग करायचे, बेरीज करायची, स्वातंत्र्य मात्रांनी भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. नीट पाहिले तर हे बाक्यांच्या पसाऱ्याचे माप आहे, म्हणजे प्रमाण विचलन. प्रमाण त्रुटी ही आपण काढलेल्या अंदाजाची असते. इथे ती नाही. म्हणजे मूळ इंग्रजी नावच चुकीचे आहे. ‘आर’च्या कर्त्यांना हे ठाऊक आहे. ‘सिग्मा’ या आज्ञेच्या मदतपानावर त्यांनी स्वच्छ कबूल केले आहे, की हे नाव चुकीचे आहे, पण ‘एस’ आणि ‘आर’ यांच्या इतक्या उत्तरांतून ते छापले गेले आहे, की आता सहज बदलता येत नाही.

भाषांतरकाराने इथे काय करावे? चुकीच्या नावाचे इमानाने भाषांतर केले, तर ‘बाकीची प्रमाण त्रुटी’ होते आणि इंग्रजीतला घोळ मराठीत मुक्कामाला येतो. गुपचूप दुरुस्ती करून ‘बाकीचे प्रमाण विचलन’ लिहिले, तर इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून शिकणाऱ्याला दोन्हींचा मेळ लागत नाही. आम्ही ‘बाकीचे प्रमाण विचलन’च लिहू आणि लगेच पुढे, ‘इंग्रजी तक्त्यात याला रेसिड्युअल स्टँडर्ड एरर म्हटले आहे’, एवढे आठ शब्द जोडू. ओळ लांबते. तक्त्याच्या रुंदीत बसत नाही म्हणून ती दोन ओळींत मोडावी लागते.